बाब क्रमांक सहा

"सगळं बरोबर हाय मॅडम. फकस्त सरांची सही ऱ्हायलीय."

चौगुल्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली आणि रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. चौकोनाखाली छापलं होतं, 'मार्गदर्शकाची सही व दिनांक'.

"ती मिळणार नाही," मी म्हटलं.

"का? सर तर तुमच्या घरातलंच न्हवं? सकाळच्या चहाला घ्या की. एक मिन्टाचं काम."

योजना विभागात चौगुले नवे होते. परीक्षा विभागातून बदलून येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी सांगितलं, "सर डिसेंबरात वारले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग टेबलाचा खालचा कप्पा उघडून एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, माझ्यापुढे धरला.

"मग ह्यो भरा. मार्गदर्शक बदलाचा फॉर्म."

मी उभ्या उभ्या वाचला. बाब क्रमांक सहा: 'विद्यमान मार्गदर्शकाची संमती व सही.'

मी विद्यापीठात साहाय्यक ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे लेखन फेलोशिपचा अतिरिक्त कार्यभार आला. अतिरिक्त कार्यभार म्हणजे आपलं काम सांभाळून दुसऱ्या कुणाचं तरी काम करायचं आणि चुका मात्र स्वतःच्या नावावर घ्यायच्या. योजना चांगली आहे. ज्यांचं पहिलं पुस्तक अर्धंमुर्धं लिहून झालंय अशा नव्या लेखकांना एक वर्ष दरमहा थोडी रक्कम, ग्रंथालयात एक जागा आणि एक मार्गदर्शक मिळतो. वर्षाअखेर संहिता, म्हणजे छपाईला देण्याजोगं पूर्ण लेखन, विद्यापीठाला द्यायची. पुस्तक विद्यापीठच काढतं. एकतीस मार्चपर्यंत संहिता आली नाही तर फेलोशिप रद्द, पुस्तक बाद, आणि त्या माणसाला पुन्हा अर्ज करता येत नाही.

घोळ नियमांत आहे. ही योजना घाईत मंजूर झाली तेव्हा कुणीतरी पीएच.डी.चे नियम उचलले आणि 'प्रबंध' या शब्दाच्या जागी 'पुस्तक' घातलं. त्यामुळे कवितासंग्रह लिहिणाऱ्यालाही संदर्भसूची मागितली जाते. यास्मिनच्या अर्जात तर 'पुस्तकाचे गृहीतक' असा रकाना होता. तिने त्यात लिहिलं होतं, 'लग्नात कुणी बँड नीट ऐकत नाही.' समितीने ते मान्य केलं. मला वाटतं, कुणी वाचलंच नसावं.

यास्मिन मलकापूरची. तिच्या वडिलांचं बँडपथक आहे. ते स्वतः क्लॅरनेट वाजवत. लहानपणापासून लग्नांच्या तारखांची वही हिच्याकडे, आणि त्या वहीतूनच पुस्तक निघालं: अकरा प्रकरणं, अकरा लग्नं. समितीने तिला मार्गदर्शक म्हणून प्रभाकरचं नाव दिलं. प्रभाकर माझे पती. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. नाव निघालं तेव्हा मी नियमाप्रमाणे बैठकीतून उठले आणि बाहेर जाऊन चहा सांगितला. आत आले तेव्हा ठराव झाला होता.

फॉर्म घेऊन मी उपकुलसचिव माने साहेबांकडे गेले. माने साहेब चांगले गृहस्थ आहेत. अडचण सांगितली की तिच्यावर लगेच तोडगा काढतात. तोडगा चालतो की नाही हे नंतर बघतात.

"मयत व्यक्तीची संमती म्हणजे वारसाची संमती," ते म्हणाले. "वारस कोण?"

"मी."

"मग प्रश्नच मिटला. करा सही. आणि फॉर्म फॉरवर्ड कोण करणार?"

"समन्वयक. म्हणजे मीच."

त्यांनी चष्मा काढला. "मग नाही चालणार. संमती देणारी आणि शिफारस करणारी व्यक्ती एकच कशी? ऑब्जेक्शन येईल. दुसरा कुणी वारस? मुलगा, मुलगी?"

"आम्हाला मूल नाही."

त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'दु. वारस नाही.' आणि खाली छोटी सही केली.

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये प्रभाकरचा फोन वाजला. तो मी अजून बंद केलेला नाही. मेसेज आमच्याच ग्रंथालयाचा होता: 'आपण घेतलेले पुस्तक मुदतीत परत केलेले नाही.' दर सोमवारी येतो. संगणक आपोआप पाठवतो. ती यंत्रणा बसवताना मीच हट्ट धरला होता.

माने साहेबांनी नियमांची पुस्तिका चाळली. चौदाव्या नियमात वाट सापडली. मार्गदर्शक शेवटच्या तीन महिन्यांत उपलब्ध नसेल तर त्याची सही नसली तरी चालते, मात्र त्याने मार्गदर्शन केल्याचा पुरावा जोडावा लागतो. पुरावा म्हणजे संहितेवर त्याच्या हस्ताक्षरातले शेरे.

"सरांनी शेरे दिलेच असणार," माने साहेब म्हणाले.

"दिलेत. ढीगभर."

"मग झालं तर!"

मी यास्मिनला फोन केला. सरांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली सगळी प्रकरणं घेऊन उद्याच ये म्हटलं. पलीकडून फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आली. मलकापूरची एस.टी., तीत उभ्याने प्रवास, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. माझ्या केबिनमध्ये तिने दहा प्रकरणं टेबलावर ठेवली. मी पहिलं उचललं. दुसरं. पाचवं. एकाही पानावर एक खूण नव्हती.

"शेरे कुठे आहेत?"

"पुसले की, मॅडम."

"सगळे?"

"सरच म्हणायचे. खूण सोडवली की पुसायची. पुसल्याबिगार फुडचं प्रकरण हातात घ्यायचे न्हाईत."

मी डोक्याला हात लावला. ती खरं बोलत होती. हे मला दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज नव्हती. प्रभाकर कधी वाक्य दुरुस्त करून देत नसत. समासात फिक्या पेन्सिलीने फक्त प्रश्न लिहीत. लिहिणाऱ्याने उत्तर मजकुरात द्यायचं आणि प्रश्न खोडरबराने पुसायचा. पान कोरं झालं की प्रकरण झालं. माझा स्वतःचा एम.ए.चा प्रबंध आमचं लग्न होण्याआधी त्यांच्या हाताखालून असाच गेला होता. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी किती जणांचं लेखन पाहिलं असेल. त्याचा पुरावा कुठेच नाही, कारण पुरावा न राहणं हीच त्यांची पद्धत होती.

कागद उजेडात धरला की खरखरीत जागा दिसत होत्या. त्यांवर शिक्का मारता येत नाही.

"अकरावं कुठाय?"

तिने पिशवीवरचा हात काढला नाही. "हाय. पन ते झालं न्हाई."

"झालं नाही म्हणजे?"

"सरांनी खुणा केल्यात. मी सोडवल्या न्हाईत."

डिसेंबरात मीच ते प्रकरण पाकिटात घालून तिला रजिस्टरने पाठवलं होतं. आता मार्च अर्धा सरत आला होता. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "यास्मिन, तीन महिने काय करत होतीस? इथे मी तुझ्यासाठी टेबलं झिजवतेय. चौगुले, माने साहेब, नियम चौदा! आणि पुस्तकच झालेलं नाही? तारीख गेली की दहा प्रकरणंसुद्धा गेली. वडिलांना काय सांगणार आहेस?"

तिने पिशवी आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "पुसलं की संपलं की, मॅडम. मग सरांचं म्हणून माझ्याजवळ काय ऱ्हातंय?"

घरी, कळंब्याला, त्यांच्या टेबलावर आमच्या ग्रंथालयाचं ते पुस्तक तीन महिने तसंच पडलं होतं आणि त्याच्या आठवणी मीच दर सोमवारी मला पाठवत होते. मी चहा मागवला.

प्रकरण घेऊन आम्ही दोघी चौगुल्यांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली. "हाय की! सरांचंच अक्षर. लावा फाइलला."

"मूळ न्हाई देनार," यास्मिन म्हणाली. "झेरॉक्स घ्या."

"बरं, झेरॉक्स आना."

आम्ही गेटबाहेरच्या दुकानात गेलो. फिकी पेन्सिल झेरॉक्समध्ये येत नाही. दुकानदाराने शाई वाढवली. पान काळं झालं, खुणा आल्या नाहीत. परत गेलो. चौगुल्यांनी ते काळं पान बघितलं आणि विचारलं, "हे काय, ग्रहन लागल्यागत?"

"मग काय करू?" माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "सही मागता, सही करणारा नाही. वारस मागता, वारस मीच, तर मी चालत नाही. पुरावा मागता, तो पुसलेला. उरलेला द्यायचा तर मशीनला दिसत नाही. आता काय, त्यांना घेऊन येऊ?"

बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या टेबलापुढे असं बोलले नव्हते. ग्रंथालयात आम्ही हळू बोलतो.

चौगुल्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा मॅडम. पानी घ्या. गे पोरी, तू बी बस." मग डोकं खाजवत म्हणाले, "माझा आजा तहसीलात नक्कलनवीस हुता. तवा कुटलं झेरॉक्स? हातानं नक्कल काढायची. मूळ म्होरं ठेवून रुजवात घ्यायची. खाली दोन सह्या: नक्कल करनार, रुजवात घेनार. कोर्टातबी चालायचं. तसं करू की."

रुजवात म्हणजे नक्कल मुळाशी ओळीनं ओळ ताडून बघणं.

"नक्कल हिनं करावी. रुजवात मी घेतो. साहेबांचा शिक्का मारून आनतो. मूळ तिचं तिच्याकडं." त्यांनी फूलस्केपवर पट्टीने रकाने आखले. पान. ओळ. शेरा. आणि चौथा: कार्यवाही.

"हे चौथं काय?" यास्मिनने विचारलं.

"शेऱ्यावर तू काय केलंस ते."

"काईच केलं न्हाई."

"मग कर. मोकळा रकाना चालत न्हाई. ऑडिटवाला पयलं त्येच बघतोय."

यास्मिनने माझ्याकडे बघितलं. मी चौगुल्यांकडे बघितलं. ते दुसरी फाइल उघडून बसले होते. आमचं काम त्यांच्या दृष्टीने झालं होतं.

तिला मी संदर्भ कक्षातल्या कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि समोर माझी कामं घेऊन बसले. सतरा खुणा होत्या. प्रकरण तिच्या वडिलांच्या क्लॅरनेटचं. त्यांचा पुढचा दात पडतो आणि त्यांना वाजवता येईनासं होतं, असा विषय. पहिला प्रश्न तिने नकलून काढला: 'कुठला दात? वरचा की खालचा? वाजवणाऱ्याला विचार.' चौथ्या रकान्यावर पेन थांबलं. मग ती उठून व्हरांड्यात गेली आणि तिने फोन लावला. वडिलांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो.

"अब्बा, तुमचा दात कुटला पडलावता? वरचा का खालचा?"

"काय झालं? कुनाचा दात पडला?"

"तुमचा वो! क्लॅरनेटचा!"

"वरचा गं! वरच्या दातावरच समदं धरून असतंय. खालच्यावर व्हट घ्यायचा असतोय. एवढं बी म्हाईत न्हाई व्हय तुला? आनि पुस्तक ल्हितीस!"

अख्ख्या संदर्भ कक्षाने ऐकलं. मी कुणालाही गप्प केलं नाही.

ती आत आली, रकान्यात लिहिलं, 'वडिलांना विचारले. वरचा. मजकुरात घेतले.' आणि मजकुरात खरंच घेतलं. मग दुसरा प्रश्न. संध्याकाळपर्यंत पाच झाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. मधे एक दिवस लग्नाची ऑर्डर होती म्हणून आली नाही, आणि मी दर अर्ध्या तासाने दाराकडे बघत होते. एक प्रश्न होता, 'इथे आई कुठे आहे?' त्यापाशी तिने पूर्ण दुपार घालवली आणि नवी दोन पानं लिहिली.

सतरावा झाला तेव्हा तारखेला चार दिवस उरले होते. तिने शेवटचं पान पुढे सरकवलं. "मॅडम, ह्याच्यावर एकबी खूण न्हाई. सरांना आवडलं म्हनून, का वाचलंच न्हाई?"

मला उत्तर माहीत होतं. प्रकरण पाकिटात भरताना त्यांची पेन्सिल शेवटच्या पानाच्या आधी ठेवलेली सापडली होती. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्याने कुणाचं वाईट झालं नसतं.

"वाचलं नाही," मी म्हटलं. "तिथपर्यंत पोचले नाहीत."

तिने मान हलवली. मग पान माझ्याकडे आणखी सरकवलं. "मग तुमी वाचा."

मी ग्रंथपाल आहे. मी छापून आलेली पुस्तकं हाताळते. कुणाच्या लिहिण्यावर मी कधी खूण केली नव्हती. पण वाचलं. बँडवाल्यांत एक रीत असते. पथक भरलेलं दिसावं म्हणून एक-दोन माणसं गणवेश घालून नुसती वाद्यं धरून चालतात. शेवटच्या पानावर यास्मिनचे वडील तसे चालतात. क्लॅरनेट तोंडाला, बोटं बरोबर पडताहेत, फुंकर नाही. आजूबाजूला कुणाला कळत नाही. तिथे प्रकरण संपत होतं.

मी पर्समधून पेन्सिल काढली. त्यांचीच होती. समासात लिहिलं, 'घरी आल्यावर ते क्लॅरनेट पुसतात का?'

वाजवून झालं की वाद्य आतून पुसून ठेवतात, कारण फुंकरीने ओल धरते. न वाजवलेलं पुसायची गरज नसते. हे तिनेच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं.

यास्मिनने प्रश्न वाचला. नाक ओढलं.

"पुसत्यात," ती म्हणाली. "रोज पुसत्यात."

"मग ते लिही. आणि माझा प्रश्न पूस. तो नकलेत यायला नको, चौगुले अक्षर ओळखतील."

ती हसली. डिसेंबरापासून पहिल्यांदाच.

तीस मार्चला रुजवात झाली. चौगुले मूळ समोर ठेवून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते, यास्मिन नकलेतला वाचून जुळवत होती. प्रभाकरचे प्रश्न खणखणीत कोल्हापुरी आवाजात ऐकायची माझी पहिलीच वेळ. सातव्या प्रश्नाला चौगुल्यांनी रुजवात सोडून विचारलं, "मग? नवरदेवाच्या बापानं नारळ दिला का न्हाई शेवटी?" यास्मिन म्हणाली, "पुस्तक आल्यावर वाचा." त्यांनी सही केली, माने साहेबांनी शिक्का मारला, आणि संहिता एक दिवस आधी आवक रजिस्टरात चढली. मूळ प्रकरण यास्मिनने चौगुल्यांच्याच टेबलावर खोडरबराने पुसलं. सतराही खुणा. चौगुल्यांनी रबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि पुढची फाइल घेतली.

पुस्तक आता छपाईत आहे. बाब क्रमांक सहा बदलावी म्हणून मी लेखी प्रस्ताव दिला. उत्तर आलं की असा प्रस्ताव संबंधित योजनेच्या समन्वयकामार्फत यावा. समन्वयक मीच आहे हे कळवणारं पत्र मी पाठवलं आहे. उत्तराची वाट बघते आहे.

त्याच आठवड्यात मी टेबलावरचं ते पुस्तक परत आणून जमा केलं. प्रभाकरचं खातं बंद करायचं म्हणून सभासदत्व रद्द करण्याचा फॉर्म काढला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'सभासदाने स्वतः उपस्थित राहून सही करावी.' फॉर्म अकरा वर्षांपूर्वीचा. तळाशी बारीक अक्षरात तो तयार करणाऱ्याचं नाव असतं. नाव माझं होतं.

नवा फॉर्म केला आहे. ज्यांच्याकडे असं काम येईल त्यांना एवढंच सांगते, की फॉर्म छापायला देण्याआधी त्यावर सही करणारी माणसं मरू शकतात असं धरून तो एकदा वाचावा. वेळ लागत नाही. एक मिनिटाचं काम आहे.